अठरा वर्षांनी पुन्हा गिटार: तीस हजारांत काय घ्यावं, काय टाळावं

प्रश्न असा आहे: "वय ४३, नाशिकला नोकरी. इंजिनिअरिंगला असताना तीन वर्षं अकूस्टिक गिटार वाजवली. ओपन कॉर्ड्स आणि दोन-तीन बार कॉर्ड्स (एका बोटाने सगळ्या तारा दाबून) यायच्या. नंतर अठरा वर्षं हात लावला नाही. आता इलेक्ट्रिक घ्यायची आहे, एकूण बजेट ३० हजार. फ्लॅटमध्ये राहतो, मुलगी दहावीला, आई-वडील सोबत. कोणती गिटार घेऊ, अॅम्प किती वॅटचा, इफेक्ट्स लागतात का, सेकंडहँड चालेल का? जुनी गिटार माळ्यावर आहे, तिचं काय करू?"

मी पुण्यात २२ वर्षं गिटारी दुरुस्त करतोय, संध्याकाळी शिकवतो. तुमच्यासारखे बरेच जण माझ्याकडे येतात. नोकरी, लग्न, घराचे हप्ते यांत वाजवणं सुटलेलं असतं आणि चाळिशीत पुन्हा ओढ लागते. त्यांची अडचण नवख्या मुलांपेक्षा वेगळी असते. बारा वर्षांच्या पोराला आपण किती वाईट वाजवतोय ते कळतच नाही, म्हणून ते खुशाल वाजवत राहतं. तुम्हाला मात्र कळतं. अठरा वर्षं गाणी ऐकून तुमचा कान आणखी तयार झालाय, बोटं होती तिथून चार पावलं मागे गेलीत. वाद्यात खोट असली तरी दोष तुम्ही स्वतःलाच देणार: वय झालं, आता बोटं वळत नाहीत. मग गिटार पलंगाखाली जाते.

दोन वर्षांपूर्वी एक दंतवैद्य बाई आल्या होत्या, वय ४६. नवीकोरी इलेक्ट्रिक, ऑनलाइन मागवलेली, घेऊन दीड महिना झालेला. म्हणाल्या, "सर, एफ कॉर्ड काही केल्या वाजत नाही. दिवसभर लोकांच्या दाढा उपटते, हातात जोर नाही असं कसं म्हणू?" मी गिटार टेबलावर घेतली आणि मोजायची स्टीलची पट्टी बाराव्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे गळ्यावर आडव्या बसवलेल्या धातूच्या काड्या) उभी धरली. सहाव्या तारेखाली ३ मिलिमीटरच्या वर अंतर. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबून पहिल्या फ्रेटपाशी पाहिलं. तिथे कागद सरकेल इतकीच फट हवी, इथे पोस्टकार्ड जाईल एवढी होती. म्हणजे नटच्या, खुंट्यांकडे तारा ज्या छोट्या पट्टीवरून जातात तिच्या, खाचा कारखान्यातून उथळच आलेल्या. पहिल्या फ्रेटवर बार धरायचा तर तार आधी त्या उंचीवरून खाली वाकवायची, मग दाबायची. एफ कॉर्ड वाजणार कशी? नटच्या खाचा कानशीने खोल केल्या, ट्रस रॉड, म्हणजे गळ्याचा बाक ठरवणारी आतली सळई, पाव फेरा आवळला, दुसऱ्या टोकाला तारा टेकतात ते सॅडल खाली घेतले. पाऊण तास लागला. त्यांनी एफ धरला, पाच तारा स्वच्छ वाजल्या, सहावी जराशी खरखरली. बाई गिटारकडे बघत राहिल्या, मग मला म्हणाल्या, "म्हणजे दीड महिना मी स्वतःला शिव्या देत होते?"

म्हणून माझ्या उत्तरात पैशांची मांडणी जरा उलटी आहे. लोक २७ हजारांची गिटार घेतात आणि उरलेल्या तीन हजारांत अॅम्प, केबल, सगळं बसवायला बघतात. तुम्ही १७-१८ हजार गिटारला ठेवा. ६-७ हजार आवाजाच्या सोयीला. दीड-दोन हजार सेटअपला, म्हणजे बाईंच्या गिटारीवर केली तशा जुळवणीला, आणि चांगल्या तारांना, आणि हे पैसे आत्ताच वेगळे काढा, "नंतर बघू" म्हटलं की ते कधीच खर्च होत नाहीत. उरलेल्यांत केबल, पट्टा, स्टँड, क्लिपवाला ट्यूनर, मूठभर पिक.

स्टँड चैनीची वस्तू वाटेल. नाहीये. गिटार बॅगेत असेल तर रात्री साडेनऊला दमून आल्यावर तुम्ही चेन उघडणार नाही. सोफ्याशेजारी उभी असेल तर बातम्या बघता बघता हात जातो.

आता गिटार. या किमतीत जी नावं ऐकू येतात त्यांतली बरीचशी वाजवण्यालायक आहेत, पंचवीस वर्षांपूर्वी ही स्थिती नव्हती. स्क्वायर हा फेंडर या मोठ्या गिटार कंपनीचाच स्वस्त ब्रँड, १९८२पासून त्या नावाने गिटारी येतात. त्यांची सॉनिक मालिका तुमच्या बजेटच्या आसपास असते. यामाहा पॅसिफिका ०१२ अनेक शिक्षक डोळे झाकून सुचवतात, त्यात चूक नाही. थोडं ताणता आलं तर पॅसिफिका ११२. आयबानेझची जिओ, कोर्टच्या सुरुवातीच्या गिटारी, एपिफोनची लेस पॉल स्पेशल याही रांगेत आहेत. भाव महिन्या-महिन्याला हलतात, त्यामुळे आकडे देत बसत नाही. ब्रँडपेक्षा दोन गोष्टी पक्क्या करा.

पहिली, ब्रिज, म्हणजे गिटारच्या पोटावर तारा जिथे अडकतात तो भाग. जमलं तर न हलणारा, म्हणजे फिक्स्ड ब्रिज घ्या. टेलिकास्टर प्रकारात तो असतोच, स्ट्रॅटमध्ये (स्ट्रॅटोकास्टर, फेंडरचाच दुसरा प्रकार) हार्डटेल असं लिहिलेलं शोधा, आयबानेझच्या जीआरजी १२१मध्येही फिक्स्ड आहे. स्वस्त गिटारीतली व्हॅमी दांडी, म्हणजे ब्रिज हलवून सूर डोलवायची दांडी, दिसायला झकास, पण एकदा दाबली की ट्यूनिंग गेलंच समजा. तुमच्याकडे रोजची वीस मिनिटं असतील तर त्यातली सात ट्यूनिंगमध्ये घालवू नका. आवडलेल्या गिटारीला दांडी असेलच तर मागचं झाकण काढून स्प्रिंगांचे स्क्रू आवळायचे, ब्रिज लाकडाला घट्ट टेकतो, विषय संपला. पण फ्लॉइड रोज प्रकारच्या, तारा लॉक होणाऱ्या ब्रिजपासून या किमतीत लांबच राहा. ज्या धारेवर तो डोलतो ती स्वस्त धातूची असते, वर्षभरात झिजते आणि मग तो कधीच मूळ जागी परत येत नाही. मी स्वतः पंचविशीत अशीच एक सेकंडहँड घेतली होती. एक तार बदलली की बाकी पाच उतरायच्या. शेवटी ब्रिजखाली लाकडाचा ठोकळा ठोकला आणि मोकळा झालो.

दुसरी, पिकअप, म्हणजे तारांखालचं चुंबक आणि तारेचं वेटोळं (कॉइल), जे तारांची थरथर विजेत बदलतं. सिंगल कॉइलमध्ये गुणगुण येते, हमबकरमध्ये जवळजवळ नाही, कारण त्यात दोन कॉइल उलट्या जोडलेल्या असतात आणि बाहेरून आलेला गोंगाट एकमेकांना मारतो. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर यांनी १९५५ साली ही युक्ती बसवली. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे गुणगुण ५०ची आणि तिच्या दुपटीची, १०० हर्ट्झची. सहाव्या तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी हा सूर ९८ हर्ट्झचा असतो. म्हणजे तुमच्या घरातली ट्यूबलाइट आणि पंख्याचा रेग्युलेटर दिवसभर किंचित चढा जी लावून बसलेत, तानपुऱ्यासारखे! कान तयार असलेल्या माणसाला ते फार छळतं. म्हणून ब्रिजपाशी हमबकर आणि बाकी दोन सिंगल कॉइल अशी रचना मला तुमच्यासाठी बरी वाटते. पॅसिफिकामध्ये तीच आहे, अर्थात तिला दांडी आहे, तिचं काय करायचं ते वर सांगितलंय.

"स्ट्रॅट की लेस पॉल" (लेस पॉल हा गिब्सनचा गाजलेला प्रकार) हा वाद तुम्ही कॉलेजात घातला असेल. आता एवढंच बघा: फेंडर पद्धतीत नट ते ब्रिज २५.५ इंच, गिब्सन पद्धतीत २४.७५. पाऊण इंचाने काय होतं? त्याच तारा जरा सैल लागतात, फ्रेट किंचित जवळ येतात. हात लहान असेल तर फरक जाणवतो. पण लेस पॉल आकार सहसा जड असतो. खांदा-मान दुखण्याचा त्रास असेल तर दुकानात पट्टा लावून दहा मिनिटं उभं राहून बघा, बसून नको.

फिंगरबोर्डच्या, म्हणजे फ्रेट बसवलेल्या लाकडाच्या, माहितीत "लॉरेल" लिहिलेलं दिसलं तर नाक मुरडू नका. २०१७च्या जानेवारीपासून शिसवाच्या सगळ्या जातींवर आंतरराष्ट्रीय व्यापाराचे परवाने लागू झाले, तेव्हा कंपन्यांनी स्वस्त गिटारींसाठी दुसरी लाकडं शोधली. तयार वाद्यांना २०१९च्या शेवटी सूट मिळाली, तोवर इंडियन लॉरेल रुळला होता. हा इंडियन लॉरेल म्हणजे आपला ऐन. सह्याद्रीत, कोकणात मगरीच्या पाठीसारखी साल असलेला जो उंच वृक्ष दिसतो, तोच. लाकूड जरा कोरडं दिसतं, वर्षातून एकदोनदा लेमन ऑइलचा हात फिरवला की झालं.

सेकंडहँड घ्यावी का? घ्या, पण एकट्याने जाऊ नका. बरोबर वाजवणारा माणूस न्या, नसेल तर हे चार उद्योग स्वतः करा. नेककडे, म्हणजे गळ्याकडे, बंदुकीच्या नळीसारखं टोकाकडून बघा, पीळ दिसला तर तिथूनच परत फिरा, त्याला इलाज महाग आहे. पहिल्या पाच फ्रेटवर तारांखाली खड्डे पडलेत का बघा. अॅम्पला जोडून सगळे नॉब फिरवा. खरखर आली तर घाबरायचं कारण नाही, कॉन्टॅक्ट क्लीनरच्या दोन फवाऱ्यांचं काम आहे, पण तोंडाने मात्र "अरे बापरे" म्हणा आणि हजार रुपये कमी करा. आणि ट्रस रॉडचा नट (हा आवळायचा नट, खाचांचा नव्हे) फिरतो का ते मालकासमोर तपासा. गंजून बसला असेल किंवा आधीच शेवटपर्यंत आवळलेला असेल तर गिटार कितीही देखणी असो, सोडा.

आवाजाचा प्रश्न तुमच्या घरात सगळ्यात नाजूक आहे, त्यावर जरा थांबतो. मुलगी दहावीला, आई-वडील सोबत. तुम्ही विचारलंत अॅम्प किती वॅटचा. खरं सांगू, १० वॅटचासुद्धा तुमच्या बेडरूमला जास्त आहे. वॅट दहापट केले तर कानाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. म्हणजे ५ वॅटच्या अॅम्पचा आवाज कानाला ५० वॅटच्या निम्मा लागतो, एक दशांश नव्हे. आणि छोट्या स्वस्त अॅम्पचं दुखणं असं की आवाज अगदी बारीक ठेवला की सूर पातळ होतो, मोठा केला की शेजारची बेल वाजते.

तुम्हाला पहिल्या सहा महिन्यांसाठी हेडफोनवर वाजवायची सोय हवी. यात तीन रस्ते आहेत. सगळ्यात स्वस्त म्हणजे गिटारच्या जॅकमध्ये थेट खोचायचा हेडफोन अॅम्प. व्हॉक्स अॅमप्लग हे त्यातलं जुनं नाव, दोन ट्रिपल-ए सेलवर चालतो. नक्स मायटी प्लग आणि फेंडर मस्टँग मायक्रो हे त्याच जातीचे पण आत बरेच आवाज भरलेले. दुसरा, बॉस कटाना मिनीसारखा ७ वॅटचा छोटा अॅम्प, ज्याला हेडफोन जॅक आहे आणि जो सेलवरही चालतो. तिसरा, ऑडिओ इंटरफेस (गिटार लॅपटॉपला जोडायची पेटी) आणि लॅपटॉप. लॅपटॉप आहेच म्हणून तिसरा मोहात पाडतो. तुम्हाला नको. रात्री लॅपटॉप सुरू होणार, अपडेट मागणार, ड्रायव्हर रुसणार आणि मग ऑफिसची एक मेल दिसणार. पुढे रेकॉर्डिंगची हौस आली की घ्या.

मी तुमच्या जागी असतो तर पहिला रस्ता घेतला असता, आणि उरलेले पैसे पुढच्या वर्षीच्या अॅम्पसाठी ठेवले असते. घरच्यांना एखादं गाणं ऐकवायची इच्छा असेल तर दुसरा. दोन्हींत हेडफोन वायरचेच लागतील. ब्लूटूथमध्ये आवाज इतका उशिरा पोहोचतो की तार छेडल्यावर सूर मागून येतो आणि हात गडबडतो. गिटार थेट मोबाइलच्या किंवा लॅपटॉपच्या माइकच्या भोकात घालायची आयडिया कुणी दिली तर ऐकू नका. गिटारच्या पिकअपला समोर साधारण दहा लाख ओहमचा इनपुट लागतो, तिथे फारच कमी असतो. सूर कांबळ्याखालून आल्यासारखा येतो.

पुढेमागे विजेवरचा अॅम्प घेतलात तर एक गोष्ट आधी करा. ज्या सॉकेटला तो लावणार त्याचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी होते, ते ठीक आहे, गिटारीचं वायरिंग तसंच असतं. पण तारांना हात लावल्यावर मुंग्या आल्या किंवा बारीक झटका बसला तर तिथेच थांबा. गिटारीत दोष शोधू नका, प्लगकडे बघा. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या अॅडॉप्टरमधून लावायची आपली सवय तिथे अंगावर येते, अक्षरशः.

इफेक्ट्स, म्हणजे आवाजाचा रंग बदलणाऱ्या वेगळ्या पेट्या: नकोत. वर सांगितलेल्या बहुतेक उपकरणांत डिस्टॉर्शन (फाटका आवाज), रिव्हर्ब (घुमारा), डिले (प्रतिध्वनी) यांतलं बरंचसं आहे, सहा महिने पुरेल. गिटार, अॅम्प, बॅग, केबल एकाच खोक्यात देणारे स्टार्टर पॅकही टाळा. त्यातला अॅम्प सहसा चुकीच्या ठिकाणी पैसे खातो आणि केबल तीन महिन्यांत कुरकुरते.

दुकान. मुंबईला जाणं झालं तर धोबी तलावला फर्टाडोज आहे, १८६५पासूनचं, एकाच किमतीच्या पाच-सहा गिटारी हातात घेऊन बघता येतात. एकाच मॉडेलच्या दोन गिटारींत नेक वेगळा लागतो हे तिथेच कळतं. ऑनलाइन घेतलीत तर खोकं उघडताना व्हिडिओ काढा. माझ्या एका विद्यार्थ्याला हेडस्टॉकला (खुंट्या असतात त्या टोकाला) केसाएवढी चीर असलेली गिटार आली होती. विक्रेत्याने आधी हात वर केले, व्हिडिओ पाहिल्यावर बदलून दिली.

गिटार आली की वाजवायला बसू नका, आधी सेटअपला न्या. नाशिकमध्ये करणारा मिळेल, गिटार शिकवणाऱ्या कुणालाही विचारा. तारा .००९ ते .०४२ इंच जाडीच्या सांगा. तुमच्या अकूस्टिकवर बहुधा .०१२च्या होत्या, त्यामुळे या दोऱ्यासारख्या वाटतील. त्याला म्हणावं, बाराव्या फ्रेटवर सहावी तार पावणेदोन-दोन मिलिमीटर, पहिली दीडच्या आसपास ठेव. पहिल्या फ्रेटला कापो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावून शेवटचा फ्रेट दाबला की सातव्या-आठव्यापाशी पाव मिलिमीटर फट दिसली पाहिजे. नटच्या खाचा बघ. इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटवरही सूर जुळतो ना ते, कर. हे आकडे म्हटले की समोरचा माणूस जरा सरळ बसतो. खाचांत तार अडकून ट्यूनिंग करताना "टिंग" आवाज येत असेल तर साध्या पेन्सिलीचं शिसं खाचेत घासा. फुकट आहे आणि चालतं. नाशिकला हिवाळा कोरडा, त्यामुळे पावसाळ्यात घेतलेल्या गिटारीच्या फ्रेटची टोकं जानेवारीत कडेला बोचायला लागू शकतात. लाकूड आकसतं, धातू आकसत नाही. कानशीचा हलका हात पुरतो.

अकूस्टिकवरून येणाऱ्या प्रत्येकाला पहिल्या आठवड्यात एक धक्का बसतो. अकूस्टिकवर तुम्ही आवाज काढायला शिकलात. इलेक्ट्रिकवर आवाज थांबवायला शिकावं लागतं. डिस्टॉर्शन लावून एक तार छेडली की बाकीच्या पाच आपोआप कुरकुरायला लागतात, साधं बोट उचललं तरी आवाज होतो. लोकांना वाटतं गिटार खराब आहे. उजव्या तळहाताची कड ब्रिजवर अलगद टेकवून जाड तारांचा आवाज दाबायचा, आणि डाव्या हाताच्या तर्जनीचं पेर पातळ तारांवर नुसतं ठेवायचं, दाबायचं नाही. पहिले पंधरा दिवस हेच करा: डिस्टॉर्शन चालू, एक सूर वाजवा, बंद करा, आणि बंद केल्यावर पूर्ण शांतता येते का ते ऐका. कंटाळवाणं आहे. पण तुमच्याकडे तयार कान आहे, त्याला नेमकं काम मिळतं. कॉर्ड्स बोटांना आठवतील, त्यांची काळजी नको. बोटांची टोकं पहिले दोन-तीन आठवडे हुळहुळतील, मग घट्टे येतील.

राहिली माळ्यावरची गिटार. अठरा वर्षं तारा ताणलेल्याच असतील तर आज खाली काढा आणि खुंट्या सैल करा, एकदम नाही, प्रत्येक तार थोडी थोडी. ब्रिजमागे पोस्टकार्डाचा कोपरा घालून बघा. आत शिरला तर ब्रिज सुटतोय. पोट फुगलंय का तेही बघा. दोन्ही ठीक असेल तर नव्या हलक्या तारा लावा आणि ठेवा. विकून हजार-बाराशे येतील, त्यात काही अर्थ नाही. दहावीची परीक्षा झाली की मे महिन्यात मुलगी ती उचलून बघेल अशी माझी अटकळ आहे. तोवर तुमची बार कॉर्ड जमलेली असू द्या.